इंजिन पाहिलं, सीट राहिली: वापरलेली परफॉर्मन्स कार घेताना या चुका टाळा

स्कोडाची वापरलेली ऑक्टाव्हिया आरएस, बीएमडब्ल्यू एम३४०आय किंवा मर्सिडीजची एखादी एएमजी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायला लावतो, एक्झॉस्टचा आवाज ऐकतो, टायरवरची तारीख वाचतो, गाडी रीमॅप केलीय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय का, ते खोदून विचारतो. सीटची पाळी आली की एकच प्रश्न असतो, "लेदर आहे ना?" समोरचा "हो" म्हणतो आणि विषय संपतो.

टायर, ब्रेकपॅड दोन दिवसांत बदलून मिळतात. सीटचं तसं नाही. ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात २०२० मध्ये आली ती मोजून २००. अशा गाडीच्या सीटचं मूळ कापड फाटलं तर ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही. मग कुशनवाल्याकडे जाऊन जवळपासच्या रंगाचं रेक्झिन लावायचं आणि विकताना भाव पाडून घ्यायचा, एवढंच उरतं. त्यामुळे सीट आधी नीट तपासा. ती आवडते की नाही हे नंतर ठरवता येईल.

'लेदर' शब्दावर विश्वास ठेवणं

बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक आणि मर्सिडीजचं आर्टिको ही दोन्ही कृत्रिम लेदरं आहेत. विकणारा त्यांना सरसकट लेदर म्हणतो आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही फरक माहीत नसतो. जिथे खरं कातडं असतं तिथेही ते पुष्कळदा फक्त अंग टेकतं तेवढ्याच भागाला लावलेलं असतं. सीटच्या कडा, पाठीमागची बाजू आणि हेडरेस्टचा मागचा भाग व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा, निघतो. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मूळ स्पेसिफिकेशन काढून घेतलं की वाद मिटतो. कंपनीने कोणतं कापड, कोणत्या रंगात दिलं होतं ते त्यात मिळू शकतं आणि आज सीटवर दुसरंच काही दिसत असेल तर तेही उघडं पडतं.

कृत्रिम म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. कंपनीने बसवलेलं चांगलं कृत्रिम लेदर वर्षानुवर्षं टिकतं. खरा त्रास नंतर बसवलेल्या स्वस्त मालाचा असतो. त्यातला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दमट उष्ण हवेत पाण्याच्या अंशाने हळूहळू विघटित होतो आणि त्याचे पापुद्रे निघायला लागतात. पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये लवचिकतेसाठी घातलेली द्रव्यं उन्हाने निघून जातात, मग ते कडक होऊन तडकतं. दोन्ही बाबतींत वरून काही चोळून उपयोग नाही, तो भाग बदलावाच लागतो. आणि हो, गाडीतल्या खऱ्या लेदरवरही बहुतेक वेळा रंगाचा आणि पारदर्शक लेपाचा थर असतो. 'लेदरला तेल पाजा' हा सल्ला देणाऱ्यांचं तेल त्या लेपावरच बसतं आणि त्याला धूळ चिकटते.

झिजलेली कड न वाचणं

आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दाराने उतरतो. दर उतरण्याला सीटच्या उजव्या कडेवर, म्हणजे बोल्स्टरवर, मांडी घासते. स्पोर्ट्स सीटची ही कड उंच असते आणि गाडी खाली बसलेली, त्यामुळे घासणं जास्त. ओडोमीटर पंचवीस हजार दाखवतोय, पण बोल्स्टरचा फोम पार बसलाय, रंग उडून खालचं कातडं दिसतंय, असं असेल तर पुढचे प्रश्न विचारा. नुसत्या बोल्स्टरवरून मात्र फाशी देऊ नका. मालक अंगाने भारी असेल, दिवसातून दहा वेळा उतरत असेल, तर कमी किलोमीटरमध्येही ती कड जाते. पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, ड्रायव्हरच्या बेल्टची कड आणि सर्व्हिसच्या नोंदी या सगळ्यांचं एकमेकांशी जुळतं का ते बघायचं.

उलटी खूणही तितकीच बोलकी असते. ड्रायव्हरची सीट कोरी करकरीत आणि शेजारची मात्र सुरकुतलेली दिसली, तर ड्रायव्हरची सीट बहुधा रंगवलेली किंवा नव्याने शिवलेली आहे. पांढरं सुती कापड सौम्य साबणाच्या पाण्यात ओलं करून बाजूच्या कडेला हलकं घासा. कापडावर रंग उतरला तर काम स्वस्तात उरकलंय. शिलाईचा दोरा बघा. मूळ दोरा बऱ्याचदा वेगळ्या रंगाचा असतो आणि रंगवताना तोही रंगतो, किंवा टाक्यांच्या भोकांत रंग साचलेला दिसतो. सगळ्याच सीट आरशासारख्या चमकत असतील तर तो सिलिकॉन पॉलिशचा प्रताप आहे. चांगलं लेदर मॅट दिसतं. पॉलिश पुसून टाकायला सांगा, खालच्या भेगा लगेच दिसतील.

अल्कांटाराला घाबरणं, किंवा उगाच भाळणं

सीटवर आणि स्टिअरिंगवर लावतात ते लवदार, मखमलीसारखं अल्कांटारा म्हणजे हरणाचं कातडं असा समज अजून ऐकू येतो. ते पूर्णपणे कृत्रिम आहे. जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये शोधलं, बनतं इटलीत आणि त्यात साधारण ६८ टक्के पॉलिस्टर, ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं. ते वापरण्याचं कारण साधं आहे, वळणावर माणूस त्यावरून घसरत नाही. घाटात जोरात गाडी चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळतो.

पण घाम आणि अंगाचं तेल त्याच्या तंतूंत बसतं आणि लव चिकटून तो भाग चकचकीत, टणक होतो. घेताना एवढंच ओळखायचं: लव नुसती चिकटली आहे की झिजून गेली आहे? मऊ ब्रशने उलट्या दिशेने हलकं घासून बघा. लव उठली तर व्हॅक्यूम, नीट पिळलेलं ओलं फडकं आणि सावलीत वाळवल्यावर पुन्हा ब्रश, एवढ्याने सीट बरीच सुधारते. गोळे धरले असतील किंवा खालची जाळी दिसत असेल तर ते परत येत नाही. तेवढा तुकडा बदलण्याचे पैसे किमतीतून वजा करायला लावा. सीटपेक्षा स्टिअरिंगवरचं अल्कांटारा आधी जातं, तेही बघून घ्या. आणि त्यावर डॅशबोर्ड पॉलिश मारणाऱ्या डीलरकडून दुसरं काही नीट ठेवलं असेल अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

कापडी सीट म्हणून नाक मुरडणं

आपल्या बाजारात कापडी सीट म्हणजे 'बेस मॉडेल' अशी समजूत घट्ट आहे. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये पहिली गोल्फ जीटीआय बाजारात आणली तेव्हा तिच्या सीटवर गुनहिल्ड लिलिएक्विस्ट यांनी निवडलेलं चौकड्यांचं कापड होतं आणि तेच पुढे त्या गाडीची ओळख बनलं. २०२५ मध्ये भारतात आलेली जीटीआयही चौकड्यांचं कापडच घेऊन आली. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत, खिडकीतून ऊन येत असताना, कापड पाठीला चिकटत नाही आणि पकडही चांगली देतं. रोज चालवायच्या गाडीसाठी मी साध्या लेदरपेक्षा चांगलं कापड आधी निवडेन.

इथे एक गंमत होते. कित्येक मालक नवी गाडी घरी नेण्याआधीच तिला रेक्झिनची कव्हरं शिवून घेतात. अशी गाडी दिसली की कव्हर काढून दाखवायला सांगा. खाली कंपनीचं कापड जसंच्या तसं सापडू शकतं. डाग, जळलेलं भोक किंवा उसवलेली शिलाईही सापडू शकते. मालक काढायला तयार नसेल तर दुसरी शक्यता धरून भाव करा.

एअरबॅग विसरणं

ही चूक सगळ्यांत महाग पडू शकते. बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच बसवलेली असते आणि फुगताना ती एका ठरावीक कमकुवत शिलाईतून बाहेर येते. त्या जागी साध्या जाड दोऱ्याने पुन्हा शिवलं किंवा वरून घट्ट कव्हर चढवलं तर एअरबॅग अडते किंवा उशिरा उघडते. सीटच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी आहे का, तिच्याभोवतीची शिलाई दुसऱ्या सीटसारखीच आहे का, ते बघा.

सीट पुन्हा शिवलेल्या गाडीत दोन तक्रारी हमखास दिसतात. पहिली, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. सीट काढताना खालचे पिवळे कनेक्टर सोडले, मध्येच इग्निशन चालू केलं किंवा ते नीट बसवले नाहीत की असं होतं. गाडीला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचावा लागतो. तो दिवा काढून टाकणं हा इलाज नाही. दुसरी, शेजारच्या सीटवर कुणी नसताना बेल्टची टिंगटिंग चालू राहते, किंवा माणूस बसूनही वाजत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना ही सूचना सक्तीची आहे. शेजारच्या सीटवर कुणी बसलंय हे ओळखणारा पातळ सेन्सर गादीत असतो आणि शिवताना तो दुमडतो किंवा सरकतो. चाचणी सोपी: कुणाला तरी तिथे बसवा, बेल्ट न लावता गाडी थोडी पुढे घ्या.

कुबट वासावर अत्तर

रविवारपुरती निघणारी गाडी पावसाळाभर जलरोधक कव्हरखाली राहते आणि आत बुरशी धरते. डीलर मग आरशाला तीन सुगंधी पुड्या लटकवतो. त्या काढायला लावा, काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवा आणि दार उघडल्या उघडल्या वास घ्या. सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत बॅटरी मारून बघा. वरची बुरशी साफ होते, पण सनरूफच्या तुंबलेल्या नळ्यांतून पाणी गालिच्यात उतरत असेल तर ती पुन्हा येणारच, म्हणून गालिचा हाताने दाबून बघायचा. बेल्ट शेवटपर्यंत ओढा. त्यावर गाळाची रेघ, सीटच्या रुळांवर गंज आणि सगळ्या सीटचं कापड एकदम नवं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर गाडी पुरात उभी होती असं समजून निघा.

क्रीम किंवा पांढऱ्या सीटवर जीन्सचा निळा रंग चढतो. तो काढायला थिनर वापरलं की लेपही जातो. हवेशीर (व्हेंटिलेटेड) सीट असेल तर तिच्या आतला पंखा चालू करून दहा मिनिटं बसा. पाठ गार लागली नाही तर लेदरमधली बारीक भोकं क्रीमने बुजली असतील किंवा पंखाच गेला असेल.

बसलेला बोल्स्टर, चिकटलेली लव, उसवलेला एखादा टाका यांवरून व्यवहार मोडायची गरज नाही, भाव करायला त्या चांगल्या आहेत. नवी शिवलेली सीट आणि लागून राहिलेला एअरबॅगचा दिवा एकाच गाडीत असेल, तर स्कॅन रिपोर्ट हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.