दलदलीतल्या कॅम्पवर मगरींचा शेजार

मासे साफ केल्यावर डोकी, आतडी, खवले पाण्यात टाकायचे नाहीत. दलदलीत घर घेऊ म्हणणाऱ्या आणि आमच्याकडे चार दिवस राहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हे सांगते.

आमचं घर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, अटचाफलायाच्या खोऱ्यात, बुट ला रोझच्या बाजूला आहे. बॅटन रूजहून लाफायेतला जाताना आय-टेन हायवे 18 मैल नुसता पुलावरून जातो, त्या पुलाखालची ही दलदल. सायप्रसची झाडं पाण्यात उभी आणि घरं खांबांवर उभी. इथली माणसं अशा घराला कॅम्प म्हणतात. नवरा निवृत्त झाल्यापासून आमचा निम्मा मुक्काम तिथेच असतो. लुइझियानात सुमारे 20 लाख मगरी मोकळ्या पाण्यात राहतात असा सरकारी अंदाज आहे, त्यामुळे आपल्या घरापाशी मगर आहे की नाही हे विचारत बसण्यात अर्थ नाही. असतेच.

जिला कुणी कधी खायला घातलेलं नाही, अशी मगर माणसाची चाहूल लागली की सरकते. काठावर ऊन खात पडली असेल तर पाण्यात उतरते आणि पलीकडे जाऊन डोकं वर काढते. पण एकदा का तिला धक्क्यावरून माशाची डोकी मिळायला लागली, की फळीवरच्या पावलांचा आवाज, बादलीचा आवाज, बोटीचं इंजिन या सगळ्याचा अर्थ तिच्या लेखी खाणं असा होतो. मग ती जवळ येऊन थांबते. आज ती बादलीकडे बघते आणि उद्या त्याच फळीवर कुणाचं तरी पाच वर्षांचं पोर गळ टाकून बसलेलं असतं. लोक घाबरतात, तक्रार होते. वन्यजीव व मत्स्य विभाग परवानाधारक शिकारी पाठवतो आणि चार फुटांच्या वरची मगर असेल तर ती बहुधा मारलीच जाते. लांब नेऊन सोडली तरी मोठी मगर वाट शोधत आपल्या पाण्यावर परत येऊ शकते, म्हणून तो उपाय फारसा करत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. मगर चुकलेली नसते, तिला शिकवणारे आपणच असतो.

तर मासे. साफ करायचं टेबल धक्क्यावर ठेवू नका, घराच्या मागच्या बाजूला, पाण्यापासून लांब ठेवा. घाण झाकणाच्या बादलीत घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळीच ती बाहेर काढायची, नाहीतर इथल्या उकाड्यात दोन तासांत वास सुटतो आणि रॅकून (मांजराएवढे, कचरा उपसणारे प्राणी) पिशवी फाडतात. कॅटफिशची डोकी तर टाकायचीच कशाला, आंबटतिखट रस्सा उत्तम होतो. हात आणि सुरी नळाखाली धुवा. धक्क्याच्या कडेला उकिडवं बसून पाण्यात हात खळबळायची आपल्याला नदीकाठची सवय असते, ती इथे सोडायची. वसंतात क्रॉफिशचे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या जीवांचे, ढीग उकडले जातात, त्यांची टरफलं आणि डोकीही बादलीतच. मांजराची वाटी, कुत्र्याचं ताट रात्री पडवीत राहू देऊ नका. कोंबड्या पाळायची हौस असेल तर खुराडं पाण्याकडच्या बाजूला बांधू नका.

आपल्या घरांतल्या आणखी काही गोष्टी आहेत, ज्या इंग्रजी माहितीपत्रकात कुणी लिहिणार नाही. पितृपक्षातलं पान काठावर ठेवायचं नाही. इथे कावळे आहेत, पण त्यांच्या आधी कासवं आणि रॅकून येतात, आणि त्यांच्यामागे मगर. नैवेद्य, नारळाचे तुकडे, निर्माल्य बायूत, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्यात, सोडायचं नाही. गणपतीचं विसर्जन पाण्यात उतरून करायचं तर मुळीच नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर म्हणजे पिल्लं नुकतीच बाहेर पडलेली आणि आई जवळच, आणि नेमका तोच आपल्या गणपतीचा हंगाम. शाडूची मूर्ती अंगणात बादलीत विसर्जित करायची आणि ते पाणी झाडांना घालायचं. आम्ही असंच करतो.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना समजावणं सगळ्यात अवघड. दुपारी पडवीत बसल्या बसल्या उरलेली पोळी कासवांना टाकण्यात त्यांचा वेळ छान जातो. "धोका आहे" म्हटलं की ती माणसं हसतात, आयुष्यभर त्यांनी साप-विंचू बघितलेले असतात. त्यापेक्षा "तुम्ही टाकलेलं खाऊन मगर माणसाला सोकावेल आणि मग तिला गोळी घालतील" एवढं सांगा. माझी आई हे ऐकल्यावर स्वतःच पोळीचा डबा आत घेऊन गेली आणि नंतर पाहुण्यांच्या मुलांना दटावायला लागली, "टाकू नका रे बाळांनो, तिचा जीव जाईल."

माझं माहेर सांगलीकडचं. कृष्णेतल्या मगरी बघत आम्ही वाढलो, त्यामुळे मगरीची भीती आणि मान दोन्ही अंगात मुरलेलं. पण तिकडची सगळी गणितं इथे लागू पडत नाहीत. कृष्णेतली मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाआधी पिल्लं बाहेर येतात. इथली मगर वेगळ्या जातीची, अ‍ॅलिगेटर; तिची मादी जून-जुलैमध्ये गवत, पानं, चिखल ओढून दोन-तीन फूट उंच ढीग रचते आणि त्यात 35 ते 50 अंडी घालते. कुजणाऱ्या पाल्याची ऊब त्यांना मिळते. त्या उबेवरच नर की मादी हे ठरतं. साधारण 65 दिवसांनी पिल्लं आतून ओरडायला लागतात, मग आई ढीग उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. असा ढीग दिसला की त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, गवत कापायला सुद्धा नाही. आणि पिवळे पट्टे असलेली वीतभर पिल्लं पाण्यात "यँक यँक" करत असतील तर ती कितीही गोजिरी दिसोत, फोटोसाठी वाकू नका. आई हमखास जवळ असते. मादी फुसफुसते, तोंड उघडते, तो शेवटचा इशारा समजायचा.

वर्षभराचा अंदाज असा ठेवा. पारा 70 फॅरनहाइटच्या, म्हणजे 21 सेल्सिअसच्या खाली गेला की मगरीचं खाणं मंदावतं, कारण अन्न पचवायला तिला बाहेरची ऊब लागते. 55 च्या खाली, म्हणजे 13 च्या आसपास, ती निपचित पडते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत धास्ती कमी. तरी थंडीतसुद्धा ऊन पडलं की दुपारी ती काठावर येते आणि नेमक्या वाटेवर पसरते. मार्चपासून हालचाल वाढते. उन्हाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ती सगळ्यात जास्त फिरते, तेव्हा त्या वेळात पाण्याच्या कडेला काम काढू नका. पोहणं तर आमच्याकडे कुठल्याच वेळी नाही.

एप्रिल-मेमधल्या सकाळी मात्र पडवीत चहा घेऊन बसा आणि गप्प राहा. नर पाण्यात डोकं आणि शेपूट वर उचलतो, फुगतो, आणि किंचित खाली बसतो. आधी काहीच ऐकू येत नाही. फक्त त्याच्या पाठीवरचं पाणी तापल्या तव्यावर थेंब उडावेत तसं नाचायला लागतं. आपल्या कानांना न कळणाऱ्या खोल आवाजाने ते हलतं. मग घरघर सुरू होते, ती पडवीच्या फळ्यांमधून तळपायांना जाणवते. एकाने सुरुवात केली की आसपासचे बाकीचे उत्तर देतात. कॅम्प घ्यावा की नाही या विचारात असाल तर एकदा ही सकाळ बघून मग ठरवा.

पाण्याचं. मिसिसिपी आणि रेड या दोन नद्यांच्या पाण्याचा 30 टक्के वाटा ओल्ड रिव्हर या ठिकाणी अटचाफलाया नदीत सोडला जातो. त्यामुळे उत्तरेत बर्फ वितळलं, पाऊस झाला, की आमच्याकडे स्वच्छ आभाळाखाली अंगणात पाणी चढतं. वसंतात बुट ला रोझच्या गेजवरची (पाणी मोजायच्या पट्टीवरची) पातळी रोज बघायची. अंगण पाण्याखाली गेलं की मगरीच्या दृष्टीने तुमचं अंगण आणि बायू एकच. घराखाली ठेवलेली लाकडं, बोटीचं सामान, गवत कापायचं यंत्र काढायला गुडघाभर पाण्यातून जायचं नाही, ते आधीच वर चढवायचं. चक्रीवादळानंतर तर जास्तच जपा. 2021 मध्ये आयडा वादळानंतर स्लायडेलजवळ एका माणसाचा मगरीने बळी घेतला, तो घराभोवती चढलेल्या पाण्यातच. एरवी या राज्यात अशी घटना अत्यंत दुर्मीळ आहे.

घराभोवतीचं गवत आखूड ठेवा, म्हणजे पडलेली मगर लांबून दिसते. जाळीचं कुंपण उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नका, मगर जाळी चढू शकते. कुत्रा पट्ट्याशिवाय पाण्याकडे सोडायचा नाही. मगरीला त्याचा आकार सावजाचा वाटतो आणि भुंकण्याने ती उलट जवळ येते. रात्री जिना उतरण्यापूर्वी वरूनच बॅटरी फिरवा. मगरीचे डोळे लालभडक चमकतात, निखाऱ्याचा तो एक ठिपका चुकणं शक्य नाही. दिवसा पाण्यात फक्त डोकं दिसत असेल तर डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंतचं अंतर इंचांत मोजा, तितके फूट साधारण तिची लांबी. आठ इंच वाटलं तर आठ फुटी. हा हिशेब शेजारच्या म्हाताऱ्या मासेमाराने मला शिकवला आणि आता आमच्या घरातली मुलंही तसंच मोजतात.

जमिनीवर समोरासमोर आलात तर पाठ न फिरवता मागे सरका. ती अंगावर आलीच तर सरळ पळा. नागमोडी पळायचं म्हणतात, त्यात वेळ जातो. जमिनीवर ती फार लांब पाठलाग करत नाही. पाण्याच्या कडेला धरलंच तर निमूट राहू नका. डोळ्यांवर, नाकावर जीव खाऊन मारा, ओरडा. ती गिरकी घेऊन लचका तोडते, त्याआधी सुटायचं असतं. जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि दलदलीच्या पाण्यातल्या मगरीचा चावा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण तिच्या तोंडातल्या आणि या पाण्यातल्या जिवाणूंनी जखम फार लवकर चिघळते.

सप्टेंबरमध्ये बायूवर झाडाच्या फांदीला दोरीने टांगलेली कोंबडी दिसली तर हात लावू नका. शिकारीचा हंगाम असतो आणि तो परवानाधारकाचा गळ असतो. पोरं आणि कुत्री त्या बाजूला नेऊ नका. हे बघून पहिल्यांदा मलाही कसंतरी झालं होतं. पण या राज्याने 1962 मध्ये शिकार पूर्ण बंद केली, 1967 मध्ये देशाने मगरीला धोक्यातला प्राणी ठरवलं आणि 1987 पर्यंत ती सावरली. आज मोजून परवाने देतात. कातडी आणि अंडी यांतून जमीनमालकाला पैसे मिळतात, म्हणून तो दलदल बुजवत नाही. हे मला पटलेलं आहे. स्वतः मात्र मगरीला मारणं, पकडणं, पिल्लू घरी आणणं कायद्याने चालत नाही.

कॅम्प बघायला जाल तेव्हा त्या बायूत पर्यटकांच्या बोटी येतात का ते विचारा. काही बोटवाले मगरींना मार्शमेलो टाकतात, आणि मग तिथल्या मगरी कुठल्याही इंजिनच्या आवाजाला पोहत येतात. अशा पाण्यावर मी घर घेणार नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. आणि जिने दोन असलेलं घर बघा, एक पाण्याकडे, एक रस्त्याकडे. सकाळी पाण्याकडच्या जिन्याखाली मगर पसरलेली असेल तर तिला काठीने ढोसायचं नाही, पाणी मारायचं नाही. दुसऱ्या जिन्याने उतरून कामाला लागायचं. बहुतेक वेळा दुपारपर्यंत ती गेलेली असते. दुसऱ्या दिवशीही हलली नाही, किंवा माणूस जवळ गेला तरी हटत नाही असं दिसलं, तर विभागाला फोन करा आणि ते येईपर्यंत मुलांना रस्त्याच्या बाजूलाच खेळू द्या.