वाचनालयाची जुनी तालिका कॉम्प्युटरवर घेताय? या चुका टाळा

सांगलीकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत नव्वदच्या दशकातला सीडीएस/आयसिसचा (ग्रंथालयाच्या नोंदी ठेवायचं युनेस्कोचं सॉफ्टवेअर) डेटा अजून सांभाळून ठेवलेला असतो. तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला की ‘पुस्तक आहे, पण सापडत नाही’ ही तक्रार ठरलेली. त्या काळी तो डेटा भरणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे कुठे हात घालायचा ते माहीत आहे.

आधी लेखकांची नावं तपासा. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डावर ‘कुलकर्णी, अ. ब.’ असो की ‘कुलकर्णी अ.ब.’, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. यंत्र मात्र दोन माणसं धरतं. आमच्याकडे सकाळची मुलगी टिंबानंतर जागा सोडायची, दुपारचा मुलगा सोडायचा नाही. दोघंही मन लावून काम करायची, हीच पंचाईत! नोंदी एकेक करून उघडत बसू नका. लेखकांची अकारविल्हे यादी छापून घ्या, जुळी नावं लगेच डोळ्यांत भरतात. कोणतं रूप धरायचं ते ठरवून वहीत लिहा आणि ती वही टेबलावरून हलू देऊ नका.

युनेस्कोच्या डॉसवरच्या आयसिसवर अजून काम करणाऱ्यांसाठी: नोंद मास्टर फाइलमध्ये जाते, शोध इन्व्हर्टेड फाइलमध्ये, म्हणजे शब्दांच्या सूचीत होतो आणि ती वेगळी अपडेट करावी लागते. घरी जायच्या घाईत हेच राहतं. ते करूनही मराठी शब्द सापडेना, तर आयसिसचा अक्षरांचा तक्ता बघा; कोणते कोड अक्षरं म्हणून धरायचे ते त्यात असतं. जिस्ट कार्डामुळे (भारतीय लिप्यांसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड) पडद्यावर देवनागरी दिसली, तरी तिचे कोड त्या तक्त्यात नसतील तर आयसिसला ती अक्षरंच वाटत नाहीत.

शीर्षक, लेखक, आवृत्ती असं सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं असेल, तर आयएसओ 2709 फाइल (नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला साचा) काढूनही ते एकगठ्ठाच बाहेर येतं. त्याला उपाय हातानं सोडवण्याचाच. दिवसाला शंभर नोंदी धरा, जास्त नको.

आणि बॅकअप. 2005 च्या पुरात एका वाचनालयात कार्डांचे लाकडी खण असे फुगले, की पटाशीनं उघडावे लागले. फ्लॉपींचा डबा सर्वांत खालच्या खणात होता.