कॅरिबियन बेटावर राहायला जाताना सामान कसे निवडावे: ग्रेनाडाच्या निमित्ताने

सामान बांधायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे ‘कॅरिबियन’ हा एक देश नाही. त्रिनिदादला जाणाऱ्याची बॅग आणि ग्रेनाडाला जाणाऱ्याची बॅग सारखी असून चालत नाही, कारण दोन्हीकडची वीज, बाजार आणि वादळांचा धोका वेगवेगळा आहे. हा लेख प्रामुख्याने ग्रेनाडा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. अवघ्या ३४४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान असा हा देश आहे. तेथील १९७६ साली स्थापन झालेल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातूनही विद्यार्थी जातात, आणि दोन बॅगांत संसार कसा बसवायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे सर्वांत आधी उभा राहतो.

पहिली पायरी: विजेची चौकशी करावी

कोणती उपकरणे न्यायची हे आवडीनिवडीवर नव्हे, तर तेथील विजेवर ठरते. ग्रेनाडात घरगुती वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. फरक एवढाच, की भिंतीवरचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीच्या तीन चपट्या पिनांचे असते. त्यामुळे आपला मिक्सर किंवा इस्त्री तेथे योग्य ॲडॅप्टर लावून किंवा प्लग बदलून चालते. बार्बाडोस आणि त्रिनिदाद येथे मात्र वीज ११५ व्होल्टची आहे, आणि सॉकेट अमेरिकी पद्धतीचे. तेथे भारतीय मिक्सर नेला तर त्याला पुरेसा जोर येणार नाही, आणि त्याला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर नेण्यात किंवा घेण्यात वजन व पैसा दोन्ही वाया जाईल. अशा बेटावर जाणाऱ्याने मिक्सर घरीच ठेवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. ॲडॅप्टर केवळ पिना जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. लॅपटॉप व मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर तो कोणत्याही बेटावर निर्धास्त वापरता येतो.

दुसरी पायरी: दमट, खारी हवा काय खाऊन टाकील ते बाजूला काढावे

ज्याने कोकणात पावसाळे काढले आहेत त्याला ही पायरी वेगळी शिकवावी लागणार नाही. कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर आणि कोल्हापुरी चपलांवर बुरशी चढते, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते, पुस्तकांची पाने फुगतात, बिडाचा तवा दोन दिवस तेलाचा हात न लावता राहिला की गंजतो आणि तबल्याची पुडी सैल पडते. त्यात २०११पासून सरगॅसम नावाचे तरंगते समुद्री शेवाळ कॅरिबियन किनाऱ्यांवर प्रचंड प्रमाणात येऊन साचू लागले आहे. ते कुजताना बाहेर पडणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूने चांदी काळी पडते आणि किनाऱ्यालगतच्या घरांतील इलेक्ट्रॉनिक उपकरणेही खराब होतात. म्हणून चांदीची भांडी, जरीच्या भारी साड्या आणि आजीआजोबांच्या हातच्या वस्तू नेऊ नयेत. एखादी पैठणी न्यावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे, परंतु तिला वर्षभर कोरडे कोण ठेवणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा. जे न्यायचेच आहे त्यासाठी हवाबंद पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या सोबत घ्याव्यात.

तिसरी पायरी: स्वयंपाकघराची यादी तेथील बाजार पाहून करावी

बहुतेक जण सर्वाधिक वजन येथेच वाया घालवतात. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. जायफळ आणि जायपत्री तर तेथील मुख्य पीकच, आणि दालचिनी, लवंग, हळद व आलेही तेथे पिकते. अशा ठिकाणी मसाल्यांचे डबे भरभरून नेणे म्हणजे वजनाची उधळपट्टी आहे. नारळ मुबलक मिळतो. तेथे ‘कॅलालू’ म्हणून ओळखली जाणारी भाजी ‘डशीन’च्या पानांची, म्हणजे आपल्या अळूच्याच पानांची असते, त्यामुळे बेसन आणि चिंच मिळाली की अळूवड्या करता येतील. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस. तो, नारळाचे दूध, कॅलालू आणि खारवलेले मांस एकत्र शिजवून केलेला ‘ऑइल डाउन’ हा ग्रेनाडाचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो, आणि शाकाहारी माणसाला मांस वगळून तो घरी सहज करता येतो. त्रिनिदादला जाणाऱ्यांचे काम तर आणखी सोपे आहे. ३० मे १८४५ रोजी तेथे गिरमिटियांचे, म्हणजे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचे, पहिले जहाज लागले, आणि त्यांच्या वंशजांमुळे डाळ, रोटी, भाजी, ‘गीरा’ म्हणजे जिरे आणि ‘तवा’ हे सगळे शब्दांसकट तेथे टिकून आहे.

मग न्यावे काय? आमसुले, गोडा मसाला आणि हिंग. या तीन गोष्टी तेथे सहजी मिळणार नाहीत, वजनाला हलक्या आहेत आणि घरची चव त्यांच्यातच आहे. त्या व्यवस्थित सीलबंद करून, वर नाव लिहून न्याव्यात. प्रेशर कुकर अवश्य न्यावा, पण तीन लिटरहून मोठा नको. त्याच्या दोन जादा रबरी रिंगा, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या पोटातच ठेवावेत, कारण त्याच मापाची रिंग बेटावर शोधणे अवघड जाते.

बियाणे, तुळशीचे रोप, ताजा कढीपत्ता किंवा फळे मात्र कितीही मोह झाला तरी नेऊ नयेत. मूळ आशियातला गुलाबी पिठ्या ढेकूण १९९४ साली ग्रेनाडात आढळला, त्याने जास्वंदीपासून अनेक झाडांची हानी केली आणि पुढे तो इतर बेटांवरही पसरला. लहान बेटाला अशी कीड आवरणे फार जड जाते. तेव्हा हा नियम केवळ कस्टमच्या भीतीने नव्हे, तर ज्या भूमीवर आपण राहायला जात आहोत तिच्या काळजीपोटी पाळावा.

चौथी पायरी: कागदपत्रे व औषधे

जन्म, विवाह आणि शिक्षणाची प्रमाणपत्रे यांच्यावर निघण्यापूर्वीच परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागदपत्र परदेशात अस्सल मानले जावे यासाठीचा, शिक्का घ्यावा. तेथे गेल्यावर हे काम टपालाने करून घेणे अतिशय त्रासाचे होते. गाडी चालवायची असल्यास आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. ग्रेनाडा, बार्बाडोस व त्रिनिदाद येथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, परंतु बाहेरच्या चालकाला काही बेटांवर स्थानिक तात्पुरता परवानाही घ्यावा लागतो. त्रिनिदादला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस घेऊन तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. ते नसेल, तर तेथून थेट भारतात परतताना विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते.

नियमित औषधे तीन महिने पुरतील एवढी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नव्हे, तर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडचे ब्रँड तेथील औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. कोडीनयुक्त खोकल्याची किंवा झोपेची औषधे असतील, तर त्या देशाचे नियम आधी पाहावेत. चष्म्याची दुसरी जोडी न्यावी. डासांना गंभीरपणे घ्यावे. डेंग्यू तेथे नेहमीचा आहे आणि चिकुनगुनिया २०१३च्या अखेरीस सेंट मार्टिन बेटावरून कॅरिबियनभर पसरला, म्हणून घडीची मच्छरदाणी सामानात असावी.

पाचवी पायरी: कपडे

सुती, सैल कपडे पुरेत. एअरकंडिशन्ड वर्गासाठी एक स्वेटर, आणि सरकारी कार्यालयासाठी पूर्ण पँट व बाह्यांचा सदरा असावा. सैनिकी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे ग्रेनाडा, बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका अशा अनेक देशांत नागरिकांना कायद्याने निषिद्ध आहेत. लहान मुलांच्या टोप्या आणि पाठीवरच्या पिशव्याही एकदा तपासून घ्याव्यात.

सहावी पायरी: वादळाची तयारी सामानातच करावी

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. ७ सप्टेंबर २००४ रोजी आलेल्या इव्हान वादळाने ग्रेनाडातील सुमारे नव्वद टक्के घरांचे नुकसान केले, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने त्याच देशातले कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले. डोक्याला बांधायची विजेरी, हातातल्या पिशवीत ठेवायची पॉवर बँक, छोटा रेडिओ आणि कागदपत्रांसाठी जलरोधक पाकीट एवढ्या चार वस्तू पहिल्याच फेरीत न्याव्यात. सर्व कागदपत्रे स्कॅन करून एक प्रत भारतातल्या घरच्यांकडे ठेवावी.

सातवी पायरी: वजन करून पुन्हा निवड करावी

आता सारे सामान पलंगावर मांडून तीन ढीग करावेत: तेथे मिळणारच नाही ते, मिळेल पण फार महाग पडेल ते, आणि सहज मिळेल ते. तिसरा ढीग कपाटात परत जावा. भारतातून ग्रेनाडाला थेट विमान नाही, त्यामुळे तिकिटातल्या प्रत्येक टप्प्याची वजनमर्यादा वेगळी पाहावी. लांब पल्ल्याच्या विमानात २३ किलोच्या दोन बॅगा चालल्या, तरी बेटाबेटांतल्या लहान विमानांत त्याहून कमी सामान घेतात. जहाजाने सामान पाठवायचे झाल्यास विलंब आठवड्यांत नव्हे, तर महिन्यांत मोजावा लागतो, आणि आयातकर व मूल्यवर्धित कर गृहीत धरून प्रत्येक वस्तूची किमतीसह यादी तयार ठेवावी लागते. लंडन किंवा न्यू जर्सीला कोणी नातेवाईक असतील, तर स्थानिक लोकांप्रमाणे मोठ्या पिंपात, म्हणजे तेथे सगळे ज्याला ‘बॅरल’ म्हणतात त्यात भरून नंतर सामान मागवता येते. त्यामुळे पहिल्या फेरीत वर्षभराची नव्हे, पहिल्या तीन महिन्यांची तरतूद पुरते. उरलेली यादी तेथले घर आणि बाजार प्रत्यक्ष पाहून मग त्या नातेवाइकांना कळवावी.