एसटी दुपारी, महालक्ष्मी रात्री : कोल्हापुरातले मधले चार तास कसे घालवावेत

मालवण-सावंतवाडीकडून दुपारी एसटीने कोल्हापुरात उतरायचं आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठायची, हा प्रवास मी वर्षानुवर्षं करतो आहे. मधे चार-साडेचार तास मोकळे मिळतात. ‘तेवढ्यात पन्हाळा होतो’, ‘जोतिबा उरकून या’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नका. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे. वर पोचून तीन दरवाजा बघेपर्यंत जीव घड्याळात अडकतो. चार तास जुन्या पेठांना द्यावेत, आणि तेही पायी.

मध्यवर्ती बसस्थानकापासून रेल्वे स्टेशन चालत काही मिनिटांवर आहे. आधी तिथे जाऊन सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट जवळ हवं.

मग रिक्षाने टाउन हॉलमधलं संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती इथली आहे. रोमच्या व्यापाराचा धागा पंचगंगेच्या काठापर्यंत आला होता, हे तिच्यामुळे कळतं. अर्धा तास पुरतो. तिथून भाऊसिंगजी रोडने, शिवाजी चौकातून चालत अंबाबाईच्या देवळात या.

आता खरा प्रश्न दर्शनाचा. यात मी एकदा पुरता अडकलो आहे.

शुक्रवार होता, आई बरोबर होती. ‘रांग भरभर सरकते’ असं कुणीतरी म्हणालं म्हणून गाभाऱ्याच्या रांगेत लागलो. सुरुवातीला सरकलीही. मग आरतीसाठी थांबली ती थांबलीच. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढे-मागे माणसं, त्यात आईचे गुडघे दुखायला लागलेले. मधूनच बाहेर पडायचं तर पन्नास जणांना बाजूला करत उलटं यायला हवं. नाही पडलो. दर्शन झालं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पुढे बिंदू चौकाजवळ रिक्षा वाहनांत रुतली आणि स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. ती रात्र आईने बाकावर बसून काढली. ते मला आजही लागतं.

तेव्हापासून नियम एकच : गाडी धरायची असेल तर मुखदर्शन. समोरच्या मंडपातून, थोड्या अंतरावरून देवी दिसते. रांग वेगळी असते आणि बहुधा लवकर हलते. लांबून घेतलेलं दर्शन कमी प्रतीचं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट आत शिरतात, तीही लांबूनच येतात. मात्र किरणोत्सवाचे ते दिवस, नवरात्र आणि शुक्रवारची संध्याकाळ असेल तर बाहेरूनच हात जोडा.

मुखदर्शनाने वाचलेला वेळ देवळाच्या बाहेरच्या भिंतींना द्या. काळ्या दगडातल्या योगिनी बघत सावकाश प्रदक्षिणा घाला. गाभाऱ्याच्या रांगेतले बहुतेक जण त्यांच्याकडे बघतही नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

बाहेर पडलं की जुन्या राजवाड्याचा भवानी मंडप, आणि पुढे खासबाग मैदान. शाहू महाराजांनी बांधलेला हा कुस्तीचा आखाडा १९१२ सालचा आहे. त्याच्या बाहेरच राजाभाऊची भेळ खा. मिसळीच्या नादी यावेळी लागू नका, नावाजलेल्या बऱ्याच ठिकाणी ती दुपारपर्यंत संपलेली असते.

रंकाळा तलाव? गाडीला अडीच तास शिल्लक असतील तरच. सूर्यास्ताला तिथे गेलात की उठवत नाही.

परतीचा हिशेब गाडीच्या वेळेपासून उलटा करा. सामान सोडवायला वीस मिनिटं, रिक्षाला संध्याकाळी अर्धा तास, वर आणखी पंधरा मिनिटं. म्हणजे गाडीच्या किमान एक तास पाच मिनिटं आधी पेठेतून निघायचं. बरोबर म्हातारं माणूस असेल तर दीड तास. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे लवकर पोचलात तर आईला खालच्या बर्थवर निवांत पाय पसरता येतात.