वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप घरी काढताय? या चुका टाळा

मशीन पाणी सोडत नाही, डिस्प्लेवर पाणी अडल्याचा कोड, एलजीचा 'ओई' किंवा सॅमसंगचा '५सी', लुकलुकतोय आणि घरात कुणीतरी एक व्हिडिओ बघून जाहीर करून टाकलंय, "पंप गेला." असे फोन मला सारखे येतात. जाऊन बघावं तर पंप खरोखर मेलेला क्वचितच निघतो. तो अडकलेला असतो. मरतो तो नंतर, आपण उघडायला घेतल्यावर.

आधी एवढं बघा की तुमच्या मशीनला पंप आहे का. हसू नका. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनना पंपच नसतो. खाली ड्रेन व्हॉल्व्ह असतो, छोटी मोटर तो ओढून उघडते आणि पाणी उतारानं वाहून जातं. अशा मशीनचा पाइप खाली जमिनीलगतच ठेवायचा. तो उचलून बेसिनमध्ये टाकला तर पाणी अडणारच. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तर बटण फिरवलं की आतली पट्टी व्हॉल्व्ह ओढते, संपला विषय. तरीही लोक ऑनलाइन पंप मागवतात आणि तो कुठे बसवायचा हे मला विचारतात. इथून पुढचं सगळं फ्रंट लोडबद्दल.

फिल्टर गर्रकन फिरवून काढणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत गोल फिल्टर, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये शेजारी बूच लावलेली बारीक रबरी नळी. अडकलेल्या मशीनच्या पोटात बादलीभर पाणी असतं आणि ते सगळं या फिल्टरच्या मागे उभं असतं.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी रविवारी दुपारी चादरींचं गरम पाण्यातलं धुणं अडकल्यावर हा फिल्टर एका दमात फिरवून बाहेर काढला. ६० अंशांचं साबणाचं पाणी हातावर आलं. घाबरून त्यांनी त्याच धारेत फिल्टर परत दाबून फिरवायला सुरुवात केली, तो आट्यांवर तिरका चढला, आणि त्यांनी जोर लावला. प्लॅस्टिकचे आटे गेले. आता फिल्टर आतही जाईना आणि पाणीही थांबेना. ते ड्राय बाल्कनीतून हॉलमध्ये गेलं, नव्या प्लायवूडच्या टीव्ही युनिटखाली शिरलं आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका छताचा फोटो घेऊन वर आले. पंपाचं सगळं घर बदलावं लागलं. मूळ कारण काय होतं? लग्नाहून आलेल्या सदऱ्याच्या खिशातल्या अक्षता आणि त्यांत गुंतलेली केसांची एक यू-पिन. लग्नसराईत हे फार दिसतं.

माझी सवय अशी: प्लग काढायचा (नुसतं बटण बंद करून भागत नाही), नळ बंद करायचा, पाणी गरम असेल तर चहा पिऊन यायचं. मग बारीक नळीचं बूच काढून पाणी उथळ ट्रेमध्ये सोडायचं, ट्रे भरला की बूच लावायचं, ओतून यायचं, परत तेच. परात तिथे खाली मावत नाही, केकचा ट्रे मावतो. नळी नसेल तर फिल्टर अगदी पाव आटा सैल करायचा, गळू द्यायचं, घट्ट करायचं, ट्रे ओतायचा. कंटाळवाणं आहे. ज्याला एवढाही धीर नाही त्यानं सरळ मेकॅनिकला बोलवावं, खालच्या मजल्याचा रंग त्याहून महाग पडतो.

पंखा "जाम" आहे असं समजणे

फिल्टर काढल्यावर भोकात टॉर्च मारा. आत छोटा पंखा दिसेल. लाकडी काडीनं तो हळूच फिरवून बघा. तो अडखळत, झटके देत फिरतो आणि इथेच नवशिके फसतात. या पंपाच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, म्हणून हाताला असे टप्पे जाणवायलाच हवेत. मधे पंखा थोडा मोकळा हलतो तेही बरोबर आहे. हे माहीत नसलेले लोक स्क्रू ड्रायव्हर घालून जोर करतात, पाती मोडतात आणि मग "बघा, पंप खराबच होता" म्हणतात. काळजी उलट वेळी करायची: पंखा एकही झटका न देता भिंगरीसारखा फिरला, तर आत काहीतरी तुटलंय. अजिबातच हलला नाही, तर नाणं, ब्राची तार किंवा बाळाचा मोजा शोधा.

आवाजही ऐका. गुणगुण येते पण पाणी जात नाही, तर अडथळा. काहीच आवाज नाही, तर प्लग काढलेला असतानाच पंपाची पिन सोडवून मल्टिमीटर लावा. कॉइल साधारण दीडशे ते दोनशे ओहम दाखवते, थोडं इकडेतिकडे चालतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर पंप गेला. कॉइल ठीक, पंखा ठीक आणि तरी पंप गप्प, तर वायरिंग किंवा बोर्ड बघावा लागेल. तिथे हात आवरा. "डायरेक्ट लाइट देऊन बघतो" म्हणत ओल्या फरशीवर उघड्या वायरी धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मेन स्विच बंद करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पंपापर्यंत पोचायला मशीन एकट्यानं आडवं करू नका. आत वजनाचे दगड असतात, साठ किलोच्या वर सहज जातं. आडवं करण्याआधी साबणाचा ट्रे काढून ठेवा.

सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायर ओढू नका, पिन धरून काढा. दोनच वायरी असतात आणि एसी पंपाला उलटसुलट काही नसतं, त्यामुळे त्याची चिंता नको.

गळणाऱ्या पंपाला एम-सील लावू नका. दोन धुण्यांत परत गळेल आणि पुढच्या माणसाला ते खरवडावं लागेल. तो पुढचा माणूस बहुधा मीच.

बोअरच्या पाण्याचा थर काढायला टाइल्सचं ॲसिड ड्रममध्ये ओतणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. स्टील, ॲल्युमिनियम, रबर, सगळं खातं ते. डिस्केलिंग पावडर मिळते, ती वापरा.

पंप बदलायचाच असेल तर जुना पिशवीत घालून न्या, मग पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार तपकीर गल्ली असो की तुमच्या गावचं दुकान. दिसायला सारखे असतात, पण एक तीन स्क्रूवर बसतो, दुसरा फिरवून अडकतो. नुसतं मशीनचं नाव सांगून आणलेले पंप परत करायला गेलेले बरेच जण मी पाहिलेत.

बसवल्यावर ड्रेन पाइपचं टोक जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरवर ठेवा आणि भिंतीतल्या पाइपात फार खोल खुपसू नका, नाहीतर मशीन भरता भरताच रिकामं होत राहील. मग कपडे न टाकता रिन्स-स्पिन लावा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. पहिल्या फेरीला कागद कोरडा राहिला तरी झाकण लावून मशीन भिंतीकडे ढकलू नका. कपड्यांच्या वजनानं ड्रम हलायला लागला की खरी गळती कळते, म्हणून दोन-तीन धुणी तसंच चालवा.