पाण्यातलं आर्सेनिक दाखवणारे जिवाणू: चाचणी कशी लावायची

पश्चिम बंगालमधल्या अनेक कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, आणि तेवढं ओळखेल असा ई. कोलाय जिवाणू तयार करता येतो.

आर्सेनाइट (आर्सेनिकचं एक रूप) नसताना आर्सआर हे प्रथिन प्रमोटरवर, म्हणजे जनुकं सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, बसून पुढची जनुकं बंद ठेवतं. आर्सेनाइट चिकटलं की हे प्रथिन डीएनएवरून सुटतं. म्हणून प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) आधी प्रमोटर, मग आर्सआरचं जनुक, मग जीएफपी या हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं. शेवटच्या दोघांमध्ये आर्सआर बसण्याची आणखी एक जागा घाला, नाहीतर आर्सेनिकशिवायही चमक झिरपते आणि कमी मात्रा तिच्यात बुडतात.

एक कॉलनी ५ मिली एलबी या पोषक माध्यमात, योग्य अँटिबायोटिकसह, ३७ अंशांवर रात्रभर हलवत वाढवा. सकाळी पेशी धुऊन मॉप्स माध्यमात ५० पट विरळ करा, ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.३ होऊ द्या. एलबी स्वतःच चमकतं. एम९ हे माध्यमही नको: त्यात फॉस्फेट सुमारे ६४ मिलिमोलर असतं, आर्सेनेट (आर्सेनिकचं दुसरं रूप, ज्याचं पेशीत आर्सेनाइट होतं) फॉस्फेटच्याच वाटेने पेशीत शिरतं, आणि एवढ्या गर्दीत त्याला वाट मिळत नाही. मॉप्समध्ये फॉस्फेट जेमतेम १.३.

काळ्या भिंतीच्या, पारदर्शक तळाच्या ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर कल्चर आणि तितकंच पाणी घाला. लिटरला ०, ५, १०, २०, ५० मायक्रोग्रॅमची प्रमाणित द्रावणंही अशीच लावा. झाकण हवाबंद नको. जीएफपीला चमकायला ऑक्सिजन लागतो. तीन तासांनी ४८५ नॅनोमीटरच्या प्रकाशात ५२०च्या आसपास वाचा, जीएफपी नसलेल्या जिवाणूंचं वाचन वजा करा, ओडीने भागा.

चमक नाही म्हणजे पाणी शुद्ध, असं कधीही धरू नका. पाण्यातल्या दुसऱ्याच कशाने जिवाणू मरगळले असतील. त्याच पाण्याच्या दुसऱ्या वेलमध्ये लिटरला २० मायक्रोग्रॅम भरेल इतकं आर्सेनाइट मुद्दाम घाला. चमक तेवढी वाढली नाही तर तो नमुना बाद. उलट, अँटिमनीनेही चमक येते.

लोहयुक्त पाणी हवेत राहिलं की गंजासारखा गाळ बसतो आणि आर्सेनिक त्यालाच चिकटतं. नमुना घेतानाच नायट्रिक आम्लाने पीएच २वर आणा, चाचणीआधी पायरोफॉस्फेटने उदासीन करा. नुसता कॉस्टिक सोडा वापरलात तर लोह पुन्हा खाली बसेल.

आर्सेनाइटची पूड तोलण्यापेक्षा तयार द्रावण विकत घ्या, हातमोजे घाला, प्लेटमधलं द्रव बेसिनमध्ये न ओतता विषारी कचऱ्यात टाका. कामाआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवीच. पाणी प्रयोगशाळेत आणायचं. जिवाणू कूपनलिकेपाशी न्यायचे नाहीत.