एचआयव्ही आणि म्हातारपणावर संशोधन करायचंय? मग तुलना नीट करायला शिका

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) एसटीएस हा विद्यार्थी-प्रकल्प करून बघा. एमएस्सी केलं असेल तर जेआरएफची, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीची, परीक्षा द्या, आणि पुण्यात भोसरीला १९९२ पासून असलेल्या आयसीएमआरच्या एड्स संशोधन संस्थेवर नजर ठेवा. एवढं कुणीही सांगेल. मी मिरजेत काम करते, तिथून दिसतं ते सांगते.

सरकारने १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सुरू केली. तेव्हा पस्तिशीत असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) सापडत नाही, तब्येत ठणठणीत. तरी अंगात बारीक दाह चालूच राहतो आणि हृदयाची, हाडांची दुखणी लवकर गाठू शकतात. सीडी८ या प्रतिकारपेशींवरचं सीडी२८ हे प्रथिन नाहीसं होतं, सीडी५७ ही म्हाताऱ्या पेशींची खूण दिसू लागते. पण हे नुसत्या वयानेही होतं, सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूनेही होतं. इथंच खरी गोम आहे.

समजा, एचआयव्ही असलेला जतचा साठीतला शेतमजूर आलाय. त्याच्याशी तुलना कुणाची करणार? कॉलेजातल्या पोरांचं रक्त घेऊन मोकळे होऊ नका (होतात लोक!). फरक विषाणूचा, वयाचा, तंबाखूचा की जुन्या टीबीचा, हे मग ब्रह्मदेवालाही कळणार नाही. सख्खा भाऊ उत्तम, पण त्याला बोलावलं की घरात बिंग फुटायची भीती. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. म्हणून गुडघे दाखवायला आलेला, त्याच तालुक्यातला, त्याच वयाचा, तंबाखू मळणारा माणूस शोधा. त्याचीही संमती घ्या, समुपदेशन करून एचआयव्ही तपासणी करा. पाकिटावर, फोनवर ‘एचआयव्ही’ हा शब्द नको.

या पेशी तपासायला लागणारं रक्त रुग्ण गोळ्या न्यायला येतो त्या दिवशीच घ्या. वेगळं बोलावलं तर त्याची हजेरी बुडते. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) ट्यूब फ्रिजमध्ये ठेवू नका, काम त्याच दिवशी उरका. पातळ केलेलं रक्त फायकॉलवर (पेशी वेगळ्या करणाऱ्या जड द्रावावर) सोडताना ट्यूब तिरकी धरा, थेंब काचेवरून घरंगळू द्या. दोन्ही मिसळली की संपलं. सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र) ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. दुधावरच्या पातळ सायीसारखं पांढुरकं कडं दिसेल, त्यातच या पेशी असतात, तेवढंच पिपेटने उचला. हे सगळं १८ ते २० अंशांत चालतं. आपल्याकडच्या मे महिन्यात एसी बंद पडला तर हाताला पेशी कमी लागतात, आणि दोष बिचाऱ्या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर जातो! म्हणून वहीत खोलीचं तापमान रोज लिहा.

बीपी आणि साखरही तिथंच मोजा. जास्त निघाली तर पेपर छापून यायची वाट बघू नका. ओपीडी बंद व्हायच्या आत चिठ्ठी देऊन मेडिसिनला पाठवा.